सहाशे बारा नंबरचा रगडा

विद्यापीठाच्या पुरातत्त्व संग्रहालयाची स्थापना एका कपाटात झाली. कपाट लोखंडी होतं, त्याला कुलूप होतं, आणि कुलपाची किल्ली ज्या प्राध्यापकांकडे होती ते एकसष्ट साली निवृत्त होताना ती खिशात घालून घरी गेले. त्यामुळे पुढची दोन वर्षं संग्रहालय होतं, पण ते कुणी पाहिलेलं नव्हतं. त्रेसष्टात कुलूप फोडलं तेव्हा आत एक फुटकं मडकं, तीन नाणी आणि त्या प्राध्यापकांची छत्री निघाली. छत्री परत पाठवली. बाकीच्या वस्तूंवर एक ते चार असे नंबर पडले.

चौऱ्याहत्तर साली विभाग शहरातून अंधेरी पूर्वेला हलला. वाटेत टेम्पोतून एक पेटी पडली आणि अठ्ठ्याऐंशी ते एकशे एकतीस हे नंबर तिच्याबरोबर गेले. नोंदवहीत मात्र ते अजून आहेत. नोंदवहीतून काही जात नसतं.

हा इतिहास कुठेही छापलेला नाही. तो काशीराम घाडीला तोंडपाठ होता. त्र्याऐंशी साली तो संग्रहालयात लागला तेव्हा पहिले दोन महिने काही काम नव्हतं, म्हणून त्याने नोंदवही पहिल्या पानापासून वाचून काढली. प्राध्यापक आले, गेले, परदेशी गेले, परत आले. नोंदवही पूर्ण वाचलेला माणूस विभागात तो एकटाच.

काशीराम मूळचा कणकवलीकडचा. लालबागच्या एका गिरणीत त्याने अठरा वर्षं फोल्डिंग खात्यात काढली. कापडाचा तागा टेबलावर आला की त्यावर नंबर, मग घडी, मग गठ्ठा. पहिल्या दिवशी जॉबरने, म्हणजे खात्याच्या मुकादमाने, त्याला एवढंच शिकवलं होतं, "टेबलावर आलं की नंबर पडलाच पायजे. बिननंबरी माल म्हणजे चोरीचा माल." अठरा वर्षांत काशीरामने ते वाक्य आणि स्वतःचं अक्षर, दोन्ही घोटून घोटून गुळगुळीत केलं. ब्याऐंशीत संप झाला. गिरणी गेली, खातं गेलं, आणि त्याच्याजवळ फक्त अक्षर उरलं.

त्या अक्षराला गिऱ्हाईक शोधून दिलं फ्रेडीने. फ्रेडी मरोळच्या गावठाणातला, विभागाचा फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समन. त्याचा मावसभाऊ काशीरामच्याच खात्यात होता.

"आमच्याकडे एक माणूस पायजे," फ्रेडी म्हणाला. "फुटक्या खापरांवर नंबर टाकायचे."

"फुटकी खापरं? ती कोण चोरतो?"

"कोण नाय चोरत यार. तरी नंबर टाकतात. शिकलेली माणसं आहेत."

काम असं होतं. खापर धुऊन वाळवायचं, आतल्या बाजूला पांढऱ्या रंगाची बारीक पट्टी ओढायची, तिच्यावर काळ्या शाईने नंबर लिहायचा, आणि वरून पारदर्शक लाखेचा हात द्यायचा. म्हणजे शंभर वर्षं पुसायचं नाही. काशीरामला हे गिरणीपेक्षा पटलं. गिरणीतला नंबर पहिल्या धुण्यात जायचा.

अडचण एकच होती. नेमणूक एकोणनव्वद दिवसांची असे. नव्वदाव्या दिवशी घरी बसायचं आणि एक्याण्णवाव्या दिवशी नवी ऑर्डर घ्यायची. सलग नव्वद दिवस काम केलं तर माणूस कायम होण्याचा हक्क सांगेल, अशी विद्यापीठाला धास्ती होती. काशीरामला तोच हक्क सांगायचा होता. गिरणीत तो कायम होता आणि ते कायमपण एका सकाळी संपलं होतं, हे त्याला ठाऊक होतं. तरी त्याला पुन्हा कायम व्हायचं होतं. दर तीन महिन्यांनी तो विभागप्रमुख डॉक्टर चंद्रप्रकाश आगासकरांच्या टेबलासमोर उभा राही, सर सही करत, आणि तो अजून एकोणनव्वद दिवस श्वास घेई.

चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यात त्याने लालबागची खोली धाकट्या भावाला सोडली आणि बिऱ्हाड दिंडोशीला नेलं. सामान फार नव्हतं, पण त्यात रगडा होता. रगडा त्याच्या बायकोचा, रत्नप्रभेचा. तिच्या आईच्या आईपासून आलेला. मध्ये खोल वाटी असलेला काळा दगड, आणि त्या वाटीत हाताने गरगर फिरवायचा दुसरा उभा दगड. खोबऱ्याचं वाटप, म्हणजे वाटण, रगड्यावरचंच, बाकी सगळं भिजवलेलं पीठ, असं तिचं मत होतं. टेम्पोवाल्याने मात्र आधीच सांगून ठेवलं, "सामान उतरवीन. हा धोंडा दोन माळे चढवणार नाय."

वाटेत अंधेरी लागतेच. काशीरामने टेम्पो संग्रहालयाकडे वळवला आणि रगडा व्हरांड्यात ठेवला. भाऊ गावाहून आला की दोघं मिळून वर चढवू, दोन-चार दिवसांचा प्रश्न. फिरवायचा दगड रत्नप्रभेने मांडीवर घेतला होता, तो तेवढा दिंडोशीला पोचला.

त्याच आठवड्यात काशीराम पुतण्याच्या लग्नाला गावी गेला, आणि त्याच आठवड्यात विद्यार्थी खाडीकाठच्या टेकाडावरचं उत्खनन आटपून गोण्या घेऊन परतले. टेबलं पुरली नाहीत, म्हणून गोण्या व्हरांड्यात ओतल्या. आता व्हरांडा हेच टेबल झालं. आणि टेबलाचा नियम काय, हे त्या मुलांना काशीरामनेच वर्षभर कानीकपाळी ओरडून शिकवलं होतं.

तो परत आला तेव्हा रगड्याच्या कडेला पांढरी पट्टी होती, पट्टीवर ६१२ होतं, आणि वर लाख वाळली होती. अक्षर चांगलं होतं. त्यानेच घडवलेलं. नोंदवहीत डॉक्टर आगासकरांनी स्वतः लिहिलं होतं: "६१२. दगडी वाटण-पात्र, अखंड. टेकाड, खड्डा क्रमांक दोन. काळ अंदाजे नववे-दहावे शतक." सर नाण्यांचे तज्ज्ञ. त्यांच्या घरी वाटण कशावर होतं हे त्यांनी कधी पाहिलेलं नसावं. शिवाय त्या मोसमात दोन महिने खणून मिळालेली अखंड अशी ही एकच वस्तू होती.

तो काशीरामचा हे फ्रेडीला नंतर कळलं, पण रगडा म्हणून त्याने ओळखलं होतं. "सर, हा रगडा आहे. माझ्या आईकडे असाच आहे."

"तेच तर," सर आनंदाने म्हणाले होते. "परंपरा हजार वर्षं टिकली."

काशीराम नोंदवही मिटून सरांच्या खोलीत गेला. टेबलावर त्याची नवी ऑर्डर पडली होती, सही व्हायची होती. सरांच्या हातात पेन होतं.

"काय काशीराम?"

"काही नाही सर. ऑर्डर."

सरांनी सही केली. सांगायचं राहिलं. पुढे दर तीन महिन्यांनी तो सांगायला जाई, आणि दर वेळी सरांच्या हातात तेच पेन असे.

घरी रत्नप्रभा रोज विचारी. मग दर आठवड्याला विचारू लागली. ती बोलली म्हणजे मालवणीतच, मुंबईत वीस वर्षं काढूनही.

"माझो रगडो कधी हाडतलास?"

"त्याच्यावर नंबर पडला गं."

"मगे? नंबर पुसा."

"पुसत नाही तो. शंभर वर्षं."

"तुमच्या म्युझियमाक सगळ्या मुंबईत आमचोच रगडो गावलो?"

काशीरामने मिक्सर आणला. रत्नप्रभेने तो वापरला, पण फिरवायचा दगड उंबऱ्याच्या आत, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायाला लागेल असा ठेवून दिला. काशीरामच्या अंगठ्याला तो दिवसातून एकदा लागे.

पंच्याऐंशीत सरांनी सहाशे बारावर लेख लिहिला. विभागात अनुपमा मॅडम लेक्चरर होत्या आणि संग्रहालयाचा रोजचा कारभार त्यांच्याकडे होता. एका दुपारी त्या मुद्रितं मोठ्याने वाचून तपासत होत्या आणि काशीराम कपाटं पुसत होता. "पात्राची झीज एका बाजूस अधिक आहे," मॅडम वाचत होत्या. "त्यावरून वापरणारी स्त्री डावखुरी असावी. बसण्याच्या कोनावरून बांधा ठेंगणा. घर्षणाच्या खुणा खोल आणि अनियमित असल्याने स्वभाव घाईचा, किंबहुना तापट असावा."

काशीरामच्या हातातलं फडकं थांबलं.

"मॅडम, हे सरांना कसं कळलं?"

"अभ्यासाने, काशीराम. दगड बोलतो म्हणतात ना, तसं."

त्या संध्याकाळी रत्नप्रभा डाव्या हाताने मिक्सरचं झाकण दाबून उभी होती. काशीराम तिच्याकडे बघतच राहिला. सरांचं सगळं बरोबर होतं. फक्त अकराशे वर्षांचा फरक होता.

"काय बघतास?" ती म्हणाली.

"काही नाही. पेपरात आलंय तुझ्याबद्दल."

"काय?"

"चांगलंच आलंय," काशीराम म्हणाला. तापट वगैरे तपशिलात तो गेला नाही.

सत्त्याऐंशीच्या फेब्रुवारीत समिती येणार असं ठरलं. संग्रहालयाला मान्यता द्यायची की त्या दोन खोल्यांत सायकलस्टँड करायचा, हे समिती सांगणार होती. मान्यता मिळाली तर एक मदतनिसाचं पद कायम होणार होतं. ते पद कुणाचं, हे सगळ्यांना माहीत होतं.

समितीसाठी संग्रहालयाचा इतिहास छापायचा ठरला. मॅडमनी तो काशीरामला विचारून लिहिला आणि सरांनी तपासला. कपाटाच्या जागी "एका द्रष्ट्या प्राध्यापकांच्या वैयक्तिक संग्रहातून" असं आलं. छत्री गेली. टेम्पोतून पडलेल्या पेटीचं "स्थलांतराच्या काळातील पुनर्रचना" झालं. मुखपृष्ठावर फ्रेडीने काढलेला सहाशे बाराचा फोटो होता, कडेने असा उजेड टाकलेला, की तो रगडा एखाद्या राजाचा वाटावा.

पुस्तिका हातात आली तेव्हा काशीरामने आधी समितीची नावं वाचली. समितीचे अध्यक्ष पुण्याचे होते, दगडाचे जाणकार म्हणून त्यांचं नाव होतं. त्यांनी एका नजरेत ओळखलं तर सरांचा लेख गेला, संग्रहालय गेलं, आणि त्याचं पदही गेलं. आधी सांगितलं तर कदाचित मुखपृष्ठ तरी बदलता येईल. समितीच्या चार दिवस आधी, शुक्रवारी, तो मॅडमसमोर उभा राहिला आणि टेम्पोपासून सगळं सांगितलं.

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"तुमचाच आहे कशावरून?"

"माझा नाही मॅडम, मिसेसचा."

"पावती आहे?"

"रगड्याची?"

"मग कशाच्या आधारावर? नोंदवहीतली वस्तू कमी करायची म्हणजे निर्लेखनाचा प्रस्ताव लागतो. कारण द्यावं लागतं. तुटली, हरवली, वाळवी लागली. 'बायकोची निघाली' असं कारण फॉर्मवर नाहीये." मग त्यांचा आवाज जरा खाली आला. "तुम्हीच मुलांना शिकवता ना, नंबर पडला की तो माल आपला?"

गिरणीत काशीरामने स्वतः किती जणांना हेच ऐकवलं होतं.

"समिती मंगळवारी आहे," मॅडम म्हणाल्या. "आपण बुधवारी बोलू."

घरी त्याने रत्नप्रभेला दोन्ही बाजू मांडून दाखवल्या. रगडा घरी आला तर नोकरी जाते. नोकरी कायम झाली तर रगडा तिकडे कायम होतो. तिने निवडलेले तांदूळ पातेल्यात ओतले.

"बुधवारी ती बाई काय म्हणतली?" तिने विचारलं.

"काही नाही म्हणायची."

"माका पण तसांच वाटता."

मंगळवारी समिती आली. तीन सदस्य चहा घेत होते, अध्यक्ष मात्र सरळ सहाशे बारापुढे जाऊन बसले. उकिडवे बसले. काशीराम दाराशी उभा होता. अध्यक्षांनी वाटीत बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं, आणि कपाळाला आठी घातली.

"डावखुरी?" ते म्हणाले. "दगड तिरपा ठेवला तरी अशी झीज होते, आगासकर. तुम्ही प्रयोग केलात का? डावखुऱ्या बाईला बसवून पाहिलंत?"

सरांनी घसा साफ केला. प्रयोग केलेला नव्हता. पुढे सायकलस्टँड दिसत असल्यासारखे ते खिडकीबाहेर पाहू लागले.

फ्रेडी तीन वर्षं हाच क्षण यायची वाट बघत असावा. तो अगदी साध्या आवाजात म्हणाला, "सर, काशीरामची मिसेस डावखुरी आहे. कोकणातली आहे. रगडा एकदम फर्स्टक्लास चालवते."

"कुठे असते?" अध्यक्षांनी विचारलं.

"दिंडोशीला. स्कूटरने अर्धा तास. तुमचं जेवण होईपर्यंत आणतो."

काशीराम त्याच्यामागे पायऱ्यांपर्यंत धावला. "फ्रेडी, वाट लावतोस काय माझी?"

"लागलेलीच आहे ना," फ्रेडीने किक मारली. "आता वहिनींना तरी येऊ दे."

रत्नप्रभा आली ती कापडी पिशवी घेऊन. तिने व्हरांड्यात चपला काढल्या, समितीला नमस्कार केला, आणि पिशवीतून किसलेलं खोबरं, भिजवलेल्या मिरच्या, धणे आणि शेवटी फिरवायचा दगड काढला. सर हरखले. "बघा, स्वतःचा दगड आणलाय. याला म्हणतात तयारी."

ती जमिनीवर बसली. पदराने रगड्याची वाटी आतून पुसली. मग तिला कडेची पट्टी दिसली.

"ह्या कोणी रंगवल्यानी?" तिने काशीरामकडे न बघता विचारलं. विद्यार्थी एकमेकांच्या मागे सरकले.

मग तिने दगड वाटीत ठेवला. तो बसला. नुसता बसला नाही, झाकण डब्याला बसावं तसा बसला. डावा हात वर गेला आणि दगड फिरायला लागला. तीन वर्षं हात लागला नव्हता, पण हात कुठेही चाचपडला नाही. झिजलेल्या बाजूला दगड आपोआप झुकत होता, तिकडेच तिचा जोर पडत होता. खोबऱ्याचा वास दोन्ही खोल्यांत भरला. समितीतला एक सदस्य चहाचा कप खाली ठेवून जवळ आला.

अध्यक्ष खाली वाकून तिच्या मनगटाकडे बघत होते. "कमाल आहे," ते पुटपुटले. "कोन तोच, झीज तीच. आगासकर, मी शब्द मागे घेतो." मग त्यांनी रत्नप्रभेला विचारलं, "बाई, हा दगड हाताला परका वाटत नाही का?"

"परको कित्याक वाटात?" ती म्हणाली. हात थांबला नाही. "माझोच आसा तो."

काशीराम लादीवरच्या एका भेगेकडे बघत होता. मॅडमनी पुस्तिका छातीशी धरली होती. फ्रेडीने कॅमेऱ्यात डोळा घातला, म्हणजे त्याचा चेहरा कुणाला दिसू नये.

अध्यक्षांनी वही मिटली होती ती पुन्हा उघडली. "वा," ते म्हणाले. "हे वाक्य जसंच्या तसं लिहून घ्या." आणि त्यांच्या अहवालात ते आलं: सामान्य स्त्रीला हा वारसा आपलाच वाटतो, हे या संग्रहालयाचं खरं यश आहे.

"मी खरांच सांगतंय," रत्नप्रभा म्हणाली.

"खरंच आहे बाई ते," अध्यक्ष गहिवरून म्हणाले. "तुमचंच आहे सगळं."

समिती आतल्या खोलीत गेली. रत्नप्रभेने वाटप डब्यात काढलं आणि फिरवायचा दगड धुऊन वाळायला ठेवायला वळली, तर समोर एक विद्यार्थिनी हजर. हातात बारीक ब्रश, ब्रशाला पांढरा रंग. प्रयोगात वापरलेली वस्तू, नंबर नको का?

"ता बाजूक ठेव गो चेडवा," रत्नप्रभा दगड छातीशी धरून म्हणाली. "रंग लावलंस तर बोटां मोडीन."

मुलीने काशीरामकडे पाहिलं. नियम त्याचा होता. काशीरामने अठरा वर्षं गिरणीत आणि चार वर्षं इथे त्या नियमाला अपवाद केला नव्हता.

"तो टेबलावर आलेला नाही," तो म्हणाला. "तिच्या हातात आहे."

मुलीने ब्रश खाली केला. सहाशे बाराच्या नोंदीपुढे मॅडमनी नंतर शेरा लिहिला: "जोड-दगड उपलब्ध नाही."

बुधवारी मॅडमनी विचारलं, "काशीराम, काही बोलायचं होतं ना आपल्याला?"

"नाही मॅडम," काशीराम म्हणाला.

जूनमध्ये ऑर्डर आली. तिच्यावर दिवसांचा आकडा नव्हता. सोबत एक हमीपत्र होतं: नोंदवहीतील क्रमांक एक ते नऊशे तीन या सर्व वस्तू विद्यापीठाच्या मालकीच्या असून माझ्या ताब्यात आहेत. काशीरामने दोनदा वाचलं. त्यांतल्या चव्वेचाळीस वस्तू टेम्पोतून पडलेल्या होत्या आणि एक त्याच्या बायकोची होती. त्याने आपल्या उत्तम अक्षरात सही केली. त्यानंतर सहाशे बारावर काचेची पेटी बसली.

पेढे त्याने दिंडोशीला नेले. रत्नप्रभेने एक खाल्ला, एक देवापुढे ठेवला, आणि फिरवायचा दगड उंबऱ्याजवळून उचलून चुलीशेजारी, भिंतीला लावून ठेवला. रगड्याविषयी ती पुन्हा काही बोलली नाही. काशीरामचा अंगठा बरा झाला. का कोण जाणे, त्याला ते बरं वाटलं नाही.

पण अध्यक्षांनी अहवालात एक शिफारस केली होती, की असं प्रात्यक्षिक दरवर्षी व्हावं. वस्तू विद्यापीठाकडे, जोड-दगड दिंडोशीला. बोलावल्याशिवाय इलाज नव्हता. अठ्ठ्याऐंशीच्या जानेवारीत विद्यापीठाच्या शिक्क्याचं पत्र "श्रीमती रत्नप्रभा घाडी, पारंपरिक तंत्राच्या जाणकार" अशा पत्त्याने घरी आलं. ती दोन पिशव्या घेऊन आली. एकीत फिरवायचा दगड, दुसरीत सहा नारळांचं खोबरं. काचेची पेटी उघडली. पाहुण्यांना पंधरा मिनिटांत सगळं समजलं, टाळ्या झाल्या, पाहुणे गेले, तरी तिचं वाटणं संपेना. खालच्या मजल्यावरच्या शकूचंही खोबरं तिने आणलं होतं. सर दोनदा डोकावून गेले. "अभ्यासपूर्ण काम आहे," असं म्हणाले.

निघताना फाटकावर दादूने अडवलं. दादू वॉचमन, नियमाचा पक्का. "म्युझियममधून दगड बाहेर चाललाय, गेटपास लागेल. कायम माणसाची सही पायजे."

"कायम माणूस मीच," काशीराम म्हणाला. कायम झाल्यावर त्याला नवीन मिळालेला अधिकार हा एकच होता, आणि तो आजवर त्याने वापरला नव्हता.

त्याने पुस्तक उघडलं. वस्तूच्या रकान्यात लिहिलं: दगड, एक. वाटप, डबे तीन. पुढचा रकाना नोंद क्रमांकाचा होता. तिथे त्याचं पेन थांबलं. जॉबर समोर उभा असता तर काय म्हणाला असता, हे त्याला शब्दशः माहीत होतं.

"काय रे, नंबर नाय?" दादूने विचारलं.

काशीरामने त्या रकान्यात घोटीव अक्षरात लिहिलं, "बिननंबरी." खाली सही केली, पान फाडून दादूच्या हातात दिलं, आणि बायकोच्या हातातली जड पिशवी घ्यायला तो वळला. पण रत्नप्रभा दोन्ही पिशव्या घेऊन कधीच बसस्टॉपवर पोचली होती.